पस्तीस चाचे, सतरा ओलीस आणि चाळीस तास

२३ मार्च २०२४. शनिवार होता आणि दुसऱ्या दिवशी होळी. तुमच्यापैकी निम्मे जण रंगांच्या खरेदीत असतील, उरलेले परीक्षेच्या टेन्शनमध्ये. त्याच दिवशी मुंबईत नौदलाच्या गोदीत 'आयएनएस कोलकाता' धक्क्याला लागली आणि तिच्यावरून ३५ सोमाली चाचे उतरवण्यात आले. त्यांचा ताबा गेला यलो गेट पोलीस ठाण्याकडे.

चाचे म्हटलं की आपल्याला डोळ्यावर काळी पट्टी आणि खांद्यावर पोपट आठवतो, ही सगळी सिनेमाची कृपा. खरे चाचे फायबरच्या वेगवान होड्या, एके-४७ आणि एक लांब शिडी घेऊन येतात. शिडी कशाला? चालत्या जहाजाच्या कठड्याला अडकवून वर चढायला. एवढ्या साध्या सामानावर ते अख्खं मालवाहू जहाज ताब्यात घेतात, आणि मग सौदा माणसांचा होतो.

'रुएन' हे असंच एक जहाज. माल्टाचा झेंडा लावलेलं. १४ डिसेंबर २०२३ रोजी चाच्यांनी ते अरबी समुद्रात पळवलं. वर १८ खलाशी. त्यातल्या एका जखमी खलाशाला चाच्यांनी काही दिवसांत सोडलं आणि आपल्या 'आयएनएस कोची'ने त्याला उचलून पुढच्या उपचारांसाठी ओमानला पोहोचवलं. बाकीचे १७ जण अडकले. बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोला अशा तीन देशांची ही माणसं पुढचे तीन महिने बंदुकीच्या धाकात जगली. तीन महिने म्हणजे तुमचं जवळपास एक सेमिस्टर.

मार्चच्या मध्यात चाच्यांनी रुएन पुन्हा खोल समुद्रात काढलं. त्यांच्या छोट्या होड्या किनाऱ्यापासून फार लांब जाऊ शकत नाहीत. मग पळवलेल्या मोठ्या जहाजावरच होड्या, इंधन आणि शस्त्रं लादायची, त्याला फिरता अड्डा करायचं आणि पुढचं सावज शोधायचं. १५ मार्चला कोलकाताने रुएनला गाठलं. खात्री करायला तिने एक ड्रोन सोडला, चाच्यांनी तो पाडला. मग युद्धनौकेवरच गोळीबार केला.

आता तुम्ही कोलकाताच्या कॅप्टनच्या जागी आहात असं समजा. तुमच्या हाताखाली ब्रह्मोस क्षेपणास्त्रं आहेत, मोठी तोफ आहे, हेलिकॉप्टर आहे. समोर एक गंजकं मालवाहू जहाज. काही मिनिटांत सगळं संपवता येईल. पण त्या जहाजात १७ माणसं आहेत, आणि ती नेमकी कुठल्या खोलीत आहेत हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही. काय कराल?

आधीचा एक किस्सा

हा प्रश्न पुस्तकी नाही. भारतीय नौदलाची एडनच्या आखातातली चाचेविरोधी गस्त ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झाली. पहिल्याच महिन्यात, १८ नोव्हेंबरला, 'आयएनएस तबर'ने चाच्यांचं एक 'मदर शिप' बुडवलं. टीव्हीवर जल्लोष झाला. पण काही दिवसांतच थायलंडहून बातमी आली, की ती मुळात एक थाई मासेमारी बोट होती, चाच्यांनी नुकतीच पळवलेली, आणि तिच्यावरचे खलाशी आतच होते. त्यातला एक जण बरेच दिवस समुद्रात तरंगून जिवंत सापडला. बहुतेकांचा पत्ता लागला नाही. नौदलाचं म्हणणं होतं की बोटीवर हत्यारबंद माणसं उघड दिसत होती, त्यांनी धमकी दिली, गोळीबार केला, आणि तबरने स्वसंरक्षणासाठी उत्तर दिलं. रात्रीच्या अंधारात, गोळ्या येत असताना, समोरच्या बोटीच्या पोटात कोण आहे हे कळणार कसं?

कोणाला दोष द्यायला हे सांगत नाहीये. पण हे ठाऊक असेल तर २०२४ चे ते चाळीस तास वेगळे दिसतात.

कोलकाताने रुएनला बुडवायचा प्रयत्न केला नाही. तिने नेम धरून त्याची सुकाणू यंत्रणा आणि दिशादर्शक उपकरणं निकामी केली. जहाज जागीच थांबलं. मग बोलणी, इशारे, दबाव. चाच्यांना शरण येण्याचं आवाहन पुन्हा पुन्हा केलं जात होतं. मदतीला 'आयएनएस सुभद्रा' ही गस्तनौका आली. वरून टेहळणी विमान आणि मानवरहित विमान नजर ठेवून होतं. १६ मार्चला हवाई दलाच्या सी-१७ विमानाने भारताच्या किनाऱ्यापासून जवळपास २,६०० किलोमीटरवर जाऊन दोन रबरी होड्या आणि 'मार्कोस' म्हणजे नौदलाचे कमांडो थेट समुद्रात उतरवले. त्या विमानाचं उड्डाण सुमारे दहा तासांचं होतं.

शेवटी ३५ च्या ३५ चाचे शरण आले. १७ खलाशी सुखरूप. एकाला ओरखडासुद्धा नाही. बल्गेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर आभार मानले, कारण त्या सतरांत त्यांचे सात नागरिक होते.

रील बनवायची झाली तर सगळे जण पॅराशूटवाल्या दहा सेकंदांची बनवतील. मला विचाराल तर खरी गोष्ट त्याआधीच्या तासांत आहे. समोरून गोळी आली असताना, हातात सगळं असताना, दीड दिवस थांबून राहणं. हे ट्रेनिंगशिवाय जमत नाही, आणि तीनशे माणसांनी एकत्र थांबायचं असेल तर अजिबात नाही.

मधली पाळी

ती तीनशे माणसं राहतात कशी? कोलकाता माझगाव डॉकमध्ये बांधलेली विनाशिका आहे, २०१४ साली नौदलात दाखल झालेली. लांबी साधारण १६३ मीटर, म्हणजे लोकलचे आठेक डबे. त्यात इंजिनं, क्षेपणास्त्रं, रडार, दारूगोळा, हेलिकॉप्टरची जागा हे सगळं बसवून जे उरतं त्यात माणसं बसवायची. खलाशांचे बंक एकावर एक. उठून बसलात तर डोकं वरच्याच्या पलंगाला लागेल. सामानाला एक कपाट, तेही तुमच्या हॉस्टेलच्या कपाटापेक्षा लहान. जिने नाहीत, लोखंडी शिड्या आहेत, जवळपास उभ्या.

दिवस सूर्यावर नाही, 'वॉच'वर चालतो. वॉच म्हणजे पाळी, चार तासांची. रात्री बारा ते पहाटे चार ही 'मिडल वॉच', सगळ्यांची नावडती. आता यात एक मजेशीर गणित आहे. चोवीस तासांचे चार-चार तासांचे सहा भाग होतात. माणसांच्या टोळ्या तीन. सहाला तीनने नि:शेष भाग जातो, म्हणजे ज्या टोळीच्या नशिबी बारा ते चार आली तिला ती रोजच येणार. यावर खलाशांनी शेकडो वर्षांपूर्वी तोडगा काढला. संध्याकाळी चार ते आठची पाळी मधोमध तोडली आणि दोन-दोन तासांच्या दोन पाळ्या केल्या. त्यांना 'डॉग वॉच' म्हणतात. आता दिवसाच्या पाळ्या झाल्या सात. सातला तीनने भाग जात नाही, म्हणून रोज प्रत्येकाची वेळ आपोआप पुढे सरकते. मिडल वॉचचा त्रास सगळ्यांत वाटला जातो. हॉस्टेलमध्ये पाणी भरायच्या पाळ्यांवरून भांडणं होत असतील तर ही युक्ती उचलायला हरकत नाही.

वॉच संपली म्हणजे सुट्टी, असं मात्र नाही. दिवसा प्रत्येकाचं नेहमीचं काम असतंच. यंत्रांची देखभाल, साफसफाई, सराव. आणि गंज काढणं. खारं पाणी आणि लोखंड यांचं वैर जन्माचं आहे, त्यामुळे कुठे ना कुठे खरवडणं आणि रंगवणं चालूच असतं. पिण्याचं पाणी समुद्रातूनच बनवतात. गाळणीसारख्या पडद्यातून खारं पाणी प्रचंड दाबाने ढकललं की मीठ मागे राहतं. पण यंत्राची ताकद मर्यादित, त्यामुळे शॉवरखाली उभं राहून गाणी म्हणायची चैन नाही. पाणी अंगावर घ्या, नळ बंद करा, साबण लावा, मग परत नळ.

स्वयंपाकघराला 'गॅली' म्हणतात. जहाज तीस अंशांत डोलत असलं तरी तीनशे माणसांना गरम जेवण लागतंच. पहिले काही दिवस ताजी भाजी मिळते. मग बटाटा-कांदा, मग कडधान्यं आणि डबाबंद पदार्थ. जहाजावरच्या आचाऱ्याचा हुद्दा काहीही असो, मोहिमेच्या चौथ्या आठवड्यात लोकांचा मूड बऱ्यापैकी त्याच्याच हातात असतो.

आणि हो, समुद्र लागतो. सगळ्यांना लागतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, डोळे म्हणतात खोली तर स्थिर आहे, आणि मेंदू गोंधळून पोटावर राग काढतो. नेल्सनसारखा ब्रिटिशांचा जगप्रसिद्ध दर्यावर्दी आयुष्यभर यातून सुटला नाही. उलटी झाली म्हणून पाळी चुकत नाही, बादली शेजारी ठेवून काम करायचं.

फोन? किनारा सुटला की नेटवर्क सुटलं. शिवाय हेरगिरीचं एक प्रकरण उघडकीला आल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाने युद्धनौकांवर, तळांवर आणि गोदीत स्मार्टफोन आणि सोशल मीडियावर बंदीच आणली. घरच्यांना जहाज कुठे आहे हे सांगायचं नसतं. 'बरा आहे' एवढंच. कोणाच्या घरी बाळ जन्मतं, कोणाचे आजोबा जातात, आणि बातमी कळते तेव्हा जहाज किनाऱ्यापासून चार दिवसांवर असतं. नौदलाच्या जाहिरातीत हा भाग नसतो. भरतीचा विचार करत असाल तर मात्र तो धरूनच चाला.

अंतर नावाचा शत्रू

चार दिवस हा आकडा उगीच दिलेला नाही. समुद्रात वेग 'नॉट'मध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. कोलकातासारख्या जहाजाचा कमाल वेग ३० नॉटच्या वर, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरच्या पुढे. एक्सप्रेस वेवर या वेगाने गाडी चालवाल तर मागचा हॉर्न वाजवून हैराण करेल. तेही कायम नाही, कारण त्या वेगात इंधन धो धो जळतं. रोजची चाल पंधराएक नॉटची. रुएन पकडलं तेवढं अंतर, म्हणजे १,४०० सागरी मैल, या चालीने कापायला जवळपास चार दिवस लागतात.

म्हणूनच मदतीची हाक आल्यावर मुंबईहून निघून चालत नाही, आधीपासून तिथे असावं लागतं. यालाच 'डिप्लॉयमेंट' म्हणजे तैनाती म्हणतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हौथी बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं डागायला सुरुवात केली. जगाचं लक्ष तिकडे गेलं आणि सोमाली चाच्यांनी संधी साधली. नौदलाने तेव्हा एडनच्या आखातापासून अरबी समुद्रापर्यंत एका वेळी दहाहून जास्त जहाजं पसरून ठेवली. त्याचं फळ पाहा. ५ जानेवारी २०२४ ला 'लिला नॉरफोक' जहाजाच्या मदतीला 'आयएनएस चेन्नई' पोहोचली. २१ खलाशी, त्यात १५ भारतीय. ते सगळे 'सिटाडेल'मध्ये, म्हणजे जहाजाच्या आतल्या मजबूत खोलीत, दार लावून बसले होते. ओलीस हाती नसले की कमांडोंचं काम सोपं होतं. ते वर चढले तेव्हा चाचे पळून गेले होते. रुएनमध्ये ही सोय उरली नव्हती, फरक तिथे पडला.

जानेवारीच्या शेवटी 'आयएनएस सुमित्रा' या एकट्या गस्तनौकेने दोन दिवसांच्या आत दोन मासेमारी बोटी सोडवल्या. पहिलीवर १७ इराणी खलाशी, दुसरीवर १९ पाकिस्तानी. समुद्रात बुडणाऱ्याचा पासपोर्ट आधी बघत नाहीत.

तैनाती महिनोनमहिने चालते, मग डिझेल कुठून येतं? टँकर जहाज येतं आणि दोन्ही जहाजं पन्नासेक मीटरचं अंतर ठेवून, एकाच वेगाने, समांतर धावत राहतात. एका जहाजावरून बंदुकीने पातळ दोरी दुसऱ्यावर फेकतात, तिला जाड दोर, दोराला तार आणि तारेवरून इंधनाचा पाइप. काही तास हे असं चालतं. दोन जहाजांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पाणी वेगाने धावतं, दाब कमी होतो आणि जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. बर्नोलीचा नियम बारावीत घोकला असेल, इथे तो हजारो टनांच्या लोखंडावर दिसतो. सुकाणूवरच्या माणसाचं लक्ष क्षणभर हललं तरी टक्कर. आणि सुकाणूवर बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठा मुलगा असतो.

खरी भीती आगीची

खलाशाला विचारा, वादळापेक्षा तो आगीला घाबरतो. शहरात आग लागली की आपण बाहेर पळतो. जहाजावर बाहेर म्हणजे समुद्र. इंधन, दारूगोळा आणि विजेच्या तारा एकाच लोखंडी पेटीत, म्हणून आचाऱ्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येक जण आग विझवायला शिकलेला असतो. हा धोका बंदरातही पाठ सोडत नाही. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईच्या गोदीतच 'आयएनएस रणवीर'वर स्फोट होऊन तीन नौसैनिक गेले. जुलै २०२४ मध्ये दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या 'आयएनएस ब्रह्मपुत्रा'ला आग लागली, जहाज एका कुशीवर कललं आणि एक नौसैनिक मृत्युमुखी पडला.

हेच शिक्षण दुसऱ्यांच्याही कामी येतं. २६ जानेवारी २०२४ च्या रात्री, आपण प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचे व्हिडिओ फॉरवर्ड करत होतो तेव्हा, एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या टँकरवर क्षेपणास्त्र आदळलं. आत नाफ्था, म्हणजे पेट्रोलचाच भाऊबंद. वर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी खलाशी. 'आयएनएस विशाखापट्टणम'वरून दहा जणांची तुकडी त्या पेटत्या जहाजावर चढली आणि खलाशांच्या जोडीने काही तास झुंजून आग विझवली. पेटत्या इंधनाच्या टाकीवर आपणहून चढायचं, हे डोळ्यांसमोर आणून बघा.

जगातल्या व्यापारी जहाजांवर दर दहा खलाशांमागे साधारण एक भारतीय असतो. कोकणातल्या कित्येक घरांतली मुलं 'शिप'वर आहेत, तुमच्या वर्गातलाही एखादा त्याच तयारीत असेल. त्यामुळे ही दूरची बातमी नाही.

चाच्यांकडे एका बाजूनेच पाहू नका. १९९१ मध्ये सोमालियातलं सरकार कोसळलं. किनारा वाऱ्यावर आला. परदेशी ट्रॉलर तिथले मासे ओरबाडून नेऊ लागले आणि बंदुका स्वस्त होत्या. सुरुवातीला मासे राखायला निघालेल्या काही होड्या पुढे खंडणीच्या धंद्यात शिरल्या आणि त्यात पैसा लावणारे बडे लोक आले. याने ओलीस धरणं माफ होत नाही, पण युद्धनौका हा रोग बरा करत नाही, फक्त ताप उतरवते, एवढं कळतं. पूर्वी पकडलेल्या चाच्यांची हत्यारं काढून घ्यायची आणि त्यांना सोडून द्यायचं, असंही बऱ्याचदा व्हायचं, कारण खटला कुठल्या देशात चालवायचा हाच घोळ असे. आता भारताकडे २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा आहे. ते पस्तीस जण मुंबईपर्यंत आले ते त्यामुळेच.

या सगळ्यात मुली कुठे आहेत, हा प्रश्न तुमच्यातल्या अनेकींच्या मनात आला असेल. बराच काळ त्या किनाऱ्यावरच होत्या. गेल्या काही वर्षांत युद्धनौकांवर महिला अधिकारी नेमल्या जाऊ लागल्या आणि २०२३ च्या अखेरीस लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांच्याकडे 'आयएनएस त्रिंकट'ची सूत्रं देण्याची घोषणा झाली. भारतीय युद्धनौकेवर कमांडिंग ऑफिसर म्हणून नेमलेल्या त्या पहिल्या महिला. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी तर गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून, फक्त दोघींनी, पृथ्वीला प्रदक्षिणा घातली. ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्याहून निघाल्या, मे २०२५ च्या अखेरीस गोव्यालाच परतल्या. तिथे पाळ्यांचं गणित सोपं होतं. एक झोपली की दुसरी जागी.

पावसाळ्यात हा सगळा खेळ थोडा मंदावतो. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र असा खवळतो की आपले कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, आणि चाच्यांच्याही छोट्या होड्यांना ते पाणी झेपत नाही. व्यापारी जहाजं मात्र चालूच असतात, म्हणून गस्तही चालू असते, फक्त जेवणाचं ताट एका हाताने धरून जेवावं लागतं.

जवळून बघायचं असेल तर ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपासच्या बातम्यांवर लक्ष ठेवा. त्या सुमारास मुंबईत काही युद्धनौका विद्यार्थ्यांसाठी खुल्या करतात. ओळखपत्र न्या, पायात बूट घाला कारण शिड्या खरंच उभ्या आहेत, आणि तोफेसोबत सेल्फी मागण्याआधी तिथल्या एखाद्या नौसैनिकाला विचारा, 'तुमची मिडल वॉच शेवटची कधी होती?'